आई सैरभैर होण्याआधी: मनगटी सेन्सर घरी कसा वापरायचा

माझ्या फोनवर पहिला इशारा आला तेव्हा आई वाती वळत बसली होती. मीटिंग सोडून मी घरी फोन लावला. मावशी म्हणाल्या, "काही नाही हो ताई, फुलवाती चालल्यात." मनगटाची तीच ती बारीक, भरभर हालचाल पाऊण तास चाललेली, आणि बँडला ती तगमग वाटली. दुसऱ्या दिवशी साडेसातला आरतीच्या टाळ्यांनी पुन्हा तोच गोंधळ घातला.

आईला अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आहे, डॉक्टर नाही. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस बिथरण्याआधी ते ओळखायला मनगटावरचा सेन्सर कितपत उपयोगी पडतो, हे दीड वर्ष घरीच करून पाहिलं. त्यातून जमलेली रीत इथे मांडते आहे, चुकांसकट.

बँडला नक्की काय कळतं

मनगटावरच्या यंत्राला "अस्वस्थता" नावाची गोष्ट कळत नाही. हालचाल कळते. हिरवा प्रकाश कातडीत सोडून परत येणाऱ्या उजेडावरून नाडी मोजता येते. काही महागड्या यंत्रांना घामामुळे बदलणारी कातडीची विद्युतवाहकता कळते, आणि कातडीचं तापमान. बस, एवढंच. माणूस घाबरलं, चिडलं, दुखावलं की शरीर सावध होतं, नाडी वाढते, तळहाताला सूक्ष्म घाम येतो, हात चाळवतात. पण जिना चढल्यावरही नाडी वाढतेच, आणि मे महिन्यात पुण्यात घाम कुणाला येत नाही?

म्हणून एकाच सेन्सरवर विसंबायचं नाही. टोरोंटो रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूटच्या डिमेन्शिया विभागातल्या रुग्णांच्या मनगटावर एम्पॅटिका कंपनीचा ई-४ हा बँड बांधून एक अभ्यास झाला. १७ रुग्णांचा मिळून ६०० दिवसांचा डेटा होता आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हालचाल, नाडी, घाम आणि तापमान एकत्र पाहिलं तर सुट्या कुठल्याही एका सेन्सरपेक्षा जास्त कळतं, असा त्यांचा निष्कर्ष. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट: रुग्ण नेमका कधी बिथरला हे त्यांना परिचारिकांच्या नोंदींवरून आणि सामायिक जागेतल्या कॅमेऱ्यांवरून ठरवावं लागलं. म्हणजे तिथेही कुणीतरी डोळ्यांनी पाहून वेळ लिहिली, तेव्हाच सेन्सरच्या रेघेला अर्थ आला. घरीही तसंच आहे.

आधी वही, मग बँड

बँड मागवण्याआधी दोन आठवडे नुसत्या नोंदी ठेवा. "आज आई फार त्रास देत होती" ही नोंद नव्हे. काय केलं ते लिहायचं. यासाठी कोहेन-मॅन्सफील्ड यांची २९ वर्तनांची यादी जगभर वापरतात. मारणं-ढकलणं, येरझाऱ्या, वस्तू लपवणं, ओरडणं, तेच तेच विचारणं अशी वर्तनं घेऊन गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक किती वेळा दिसलं याला १ ते ७ गुण देतात. आपल्याला २९ नकोत. आपल्या माणसाची तीन-चार पुरेत. आईची अशी: दिवाणखाना ते दार येरझाऱ्या, दाराची कडी ओढणं, गाऊनची बटणं कुरतडणं, आणि "घरी कधी जायचं?" हा प्रश्न. ती राहत्या घरातच असते, चाळीस वर्षं.

आता प्रामाणिकपणे प्रत्येकासमोर लिहा, हे बँडला कळेल का? येरझाऱ्या कळतील. कडी ओढणं आणि बटणं कुरतडणं कदाचित. प्रश्न ऐकू येणार नाही, सोबत नाडी वाढली तरच काही हाती लागेल. ज्यांचं माणूस एका जागी बसून नुसतं हाका मारत राहतं, त्यांनी बँडवर पैसे घालण्याआधी इथेच थांबून विचार करावा.

वही मागे पडते, हा माझा अनुभव. मावशींचे हात पिठात असतात. मग एक सोपी युक्ती सापडली. मी, मावशी आणि भाऊ अशा तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. आई बिथरायला लागली की त्यावर फक्त "ब" टाकायचं, निवळली की "न". वेळ आपोआप पडते. सवड मिळेल तेव्हा आवाजात दोन वाक्यं बोलायची, आधी काय चाललं होतं आणि काय केल्यावर निवळली. महिन्याच्या शेवटी ग्रुपमधलं चॅट फाइल म्हणून बाहेर काढता येतं, आणि तारीख-वेळेसकट पूर्ण नोंद हातात येते. या सगळ्या प्रकल्पात सर्वांत कामाचा "सेन्सर" हाच ठरला.

कोणता घ्यावा

पहिला बँड मी दुकानदाराच्या शब्दावर घेतला. त्यात "स्ट्रेस स्कोअर" होता. आई कडी ओढत उभी असताना स्कोअर "शांत", आणि दुपारी झोपल्यावर "मध्यम ताण". असे स्कोअर बहुधा नाडीच्या दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून काढतात. हात हलत असला की ते माप बिघडतं, आणि हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर त्याला काही अर्थच उरत नाही. तयार स्कोअर सोडून द्या. कच्चे आकडे बाहेर काढता येतात का, एवढंच विचारा. दर मिनिटाची नाडी आणि हालचाल किंवा पावलं फाइलमध्ये मिळाली पाहिजेत.

अँड्रॉइडवर गॅजेटब्रिज नावाचं मोफत ॲप आहे. ते बऱ्याच स्वस्त बँडशी थेट बोलतं, डेटा कंपनीच्या सर्व्हरवर न पाठवता फोनमध्येच ठेवतं आणि त्याची फाइल काढू देतं. सगळे बँड त्यावर चालत नाहीत, आणि काहींना आधी कंपनीच्या ॲपमधून किल्ली, म्हणजे जोडणीचा गुप्त कोड, मिळवावी लागते. म्हणून खरेदीआधी त्यांची यादी तपासा. घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवा.

मी पुढे बँगल-जेएस २ हे घड्याळ घेतलं. त्याच्यावर स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहिता येतो. नावातच बांगडी, म्हणून आईला पटेल असं उगाच वाटलं होतं. थेट इशारा हवा असेल तर असलं काही लागतं, नाहीतर नाही. आणि खरं सांगू? थेट इशाऱ्याशिवाय, फक्त रात्री बसून दिवसाचा आलेख नोंदींशी ताडून पाहिला, तरी निम्म्याहून जास्त फायदा पदरात पडतो. सुरुवात तिथूनच करा. घामाचा सेन्सर नसला तरी अडत नाही.

हातावर बसवणं

आधी विचारायचं. "आई, हे नाडी बघायचं घड्याळ आहे, बांधू का?" हे तिला दुसऱ्या दिवशी आठवणार नाही, म्हणून रोज विचारायचं. ती हात मागे घेते तो दिवस बिनबँडचा. झोपेत गुपचूप बांधणं मला पटत नाही, आणि जमतही नाही. जागी झाल्यावर मनगटावर अनोळखी वस्तू पाहून ती जी घाबरते, ते बिथरणं आपणच ओढवून घेतलेलं असतं. मावशींनाही सांगा की याच्या आलेखात त्यांचाही दिवस दिसतो, आणि त्यावरून त्यांचं काम मोजलं जाणार नाही. आलेख नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

बांधायचा तो ज्या हाताने ती कमी कामं करते त्या हातावर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर. पट्ट्याखाली एक बोट जाईल इतका सैल. फार सैल असला तर बाहेरचा उजेड शिरून नाडी चुकते, फार आवळला तर म्हाताऱ्या कातडीवर वळ उठतो. आईच्या हातात काचेच्या बांगड्या. त्या काढायला ती तयार नाही आणि मीही म्हटलं नाही. बांगड्या आपटून बँड सरकायचा, म्हणून बांगड्या पुढे आणि बँड मागे, असं ठेवलं. रबरी पट्ट्याऐवजी कापडी, चिकटपट्टीचा पट्टा लावला आणि त्याचं टोक मनगटाच्या आतल्या बाजूला घेतलं. डोळ्यांसमोर टोक दिसलं की बोटं तिकडे जातातच. दिवसातून दोनदा पट्टा काढून कातडी पाहायची. चार्जिंग आंघोळीच्या वेळी.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते: बँडची थरथर, कॉलच्या सूचना, "उठा, चाला" ही आठवण आणि हात उचलल्यावर पेटणारा पडदा, हे सगळं पहिल्याच दिवशी बंद करा. रात्री दोनला मनगट आपोआप उजळलं तर तुम्ही-आम्हीही दचकू.

पहिले चौदा दिवस काहीच करायचं नाही

बँड बांधायचा, नोंदी चालू ठेवायच्या. कसलाही इशारा नाही. या काळात आपल्या माणसाचं रोजचं माप काढायचं असतं. ७२ नाडी एकाची शांत असते तर दुसऱ्याची चढलेली.

चौदा दिवसांचे आकडे स्प्रेडशीटमध्ये घ्या. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याची सरासरी नाडी आणि एकूण हालचाल काढा. मग तासवार गट करा: सकाळी ८ ते ९ चे सगळे तुकडे एकत्र, ९ ते १० चे एकत्र. प्रत्येक तासाचा मधला आकडा लिहा, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोब्बर मध्ये येणारा. सरासरीपेक्षा हा बरा, कारण एखाद्या वेड्यावाकड्या नोंदीने तो हलत नाही. तासवार का, तर सकाळी फिरून आल्यावरची आणि दुपारी डुलकी घेतानाची नाडी एका तराजूत घालून चालत नाही.

फाइलमधला कचरा आधी काढा. बँड टेबलावर पडला असेल तेव्हाचे तुकडेही नाडी दाखवू शकतात. मी एकदा बँड गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवला, तर टॉवेलची नाडी ९० आली. हालचाल सलग वीस मिनिटं अगदी शून्य असेल तर तो तुकडा टाकून द्यायचा. झोपलेलं माणूसही अधूनमधून हलतं.

औषधांची यादी शेजारी ठेवा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी मुळातच फारशी चढणार नाही. स्मृतिभ्रंशासाठी देतात ते डोनेपेझिलही नाडी मंदावतं. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या घाम कमी करतात. पेसमेकर असेल तर नाडीवर विसंबूच नका, हालचालीवर भर द्या.

नियम ठरवणं, आणि खोट्या इशाऱ्यांचा हिशेब

माझा आजचा नियम असा. त्या तासाच्या मधल्या आकड्यापेक्षा नाडी १२ ने जास्त, आणि पावलं जवळजवळ नाहीत, असे सलग दोन तुकडे. किंवा हालचाल त्या तासाच्या वरच्या दहाव्या हिश्श्यात, म्हणजे दहांतल्या एखाद्याच तुकड्यात दिसते इतकी जास्त, असे सलग तीन तुकडे. पहिल्या नियमाने बसल्या जागीची घालमेल सापडते, दुसऱ्याने येरझाऱ्या. १२ हा आकडा आईच्या नोंदींवरून आला, तुमचा वेगळा येईल. तीन-चार आकडे घालून पाहा आणि मागच्या चौदा दिवसांत कुठल्या आकड्याने "ब" जास्त पकडले आणि उगाच ओरड कमी केली ते मोजा.

वाती आणि आरतीसाठी वेगळी सोय केली. ग्रुपवर "वा" टाकलं की तो पाऊण तास वगळायचा, आणि साडेसात ते आठ हालचालीचा नियम बंद. तुमच्याकडे तांदूळ निवडणं असेल, जपमाळ असेल, पत्ते असतील. हातांना जे सुख देतं तेच यंत्राला संशयास्पद वाटतं.

"नव्वद टक्के अचूक" अशी जाहिरात दिसली तर कागद-पेन घ्या. जागेपणीचे १४ तास धरा, म्हणजे पाच मिनिटांचे १६८ तुकडे. समजा दिवसात एकूण ४० मिनिटं माणूस बिथरलेलं असतं, म्हणजे ८ तुकडे. नव्वद टक्के अचूक यंत्र त्यातले ७ पकडेल. उरलेले १६० शांत तुकडे, त्यातल्या दहा टक्क्यांवर ते चुकेल, म्हणजे १६. फोन २३ वेळा वाजला, त्यात १६ वेळा उगाच. तिसऱ्या दिवशी मावशी फोन बंद करून ठेवतील, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून मी एकट्या तुकड्यावर इशारा देत नाही, आणि एक इशारा दिल्यावर अर्धा तास दुसरा देत नाही. चार-दोन प्रसंग निसटले तरी चालतील.

फोन थरथरला, आता?

इशारा एकाच माणसाकडे जावा, आवाजाविना. धावत जायचं नाही. "काय झालं? काय झालं?" करत तिघं भोवती उभे राहिले की जे झालं नव्हतं तेही होतं.

समोरून, तिला दिसेल असं जायचं आणि शेजारी बसायचं. मनातल्या मनात यादी: तहान? लघवी? पोट साफ झालंय का? कुठे दुखतंय का, चेहरा आक्रसतोय का? उकडतंय, टीव्ही मोठा आहे, खिडकीतून ऊन डोळ्यावर येतंय? मग हाताला काहीतरी द्यायचं. आईच्या बाबतीत गरम चहाचा कप नव्हे, कोमट दुधाचा पेला, आणि घडी घालायला नॅपकिन. "घरी कधी जायचं?" याला "हेच आपलं घर" हे उत्तर खरं असलं तरी निरुपयोगी आहे. "तुमच्या घरी कोण कोण होतं गं?" असं विचारलं की ती माहेरच्या वाड्यात जाते आणि कडी सुटते.

बँडची खरी कमाई मला इशाऱ्यात नाही, मागे वळून पाहण्यात मिळाली. सगळे म्हणत होते, संध्याकाळ झाली की असं होतंच, या आजारात दिवस कलला की बिथरतात. ते खोटं नाही. पण आलेखात नाडी दिवस कलताना नव्हे, साधारण पाच पस्तीसला उचल घ्यायची: ७२, मग ८०, मग ८६. येरझाऱ्या पाच पंचावन्नला. रविवारी हे नाही. मावशींची वेळ सहापर्यंत, रविवारी सुट्टी. एका गुरुवारी मी घरी थांबून पाहिलं. साडेपाचला मावशी साडी बदलायला गेल्या, बाहेर येऊन पर्स खांद्याला लावून शेवटची भांडी पुसू लागल्या. आईची नजर पर्सवर. कुणीतरी निघालंय, मग मलाही निघायला हवं. पंधरा मिनिटं ती खुर्चीत बसून तयारी करत होती, आणि आम्हाला दिसायची ती फक्त शेवटची येरझार.

आता पर्स आणि चपला जिन्यातल्या कपाटात असतात. मावशी निघतात तेव्हा आई मागच्या गॅलरीत पाठमोरी, खारी खात. आठवड्याला सहा प्रसंग व्हायचे, ते दोनवर आले. गोळी नाही, काही नाही.

डॉक्टरांकडे काय न्यायचं, आणि कधी थांबायचं नाही

मिनिटामिनिटाचे आलेख नेऊ नका. एक कागद: दोन आठवडे, रोज किती प्रसंग, किती वेळ, कुठल्या तासाला, आणि औषध कधी बदललं त्या दिवशी उभी रेघ. ही रेघ फार बोलकी असते. बिथरणं आवरायला देतात त्या हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या गोळ्यांनी काही जणांना एका जागी बसवतच नाही अशी तगमग सुरू होते. ती दुष्परिणाम असते, आणि आजार वाढला समजून डोस वाढवला तर आगीत तेल. गोळीनंतर चार दिवसांत हालचाल चढली असेल तर तो कागद दाखवून तसं स्पष्ट विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदललं, जास्त गोंधळलं, कधी झोपाळू कधी आक्रमक, तर बँड, नियम, आलेख सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, पडून झालेली इजा, कशानेही हे होतं. आईची झोपेतली नाडी एकदा दोन रात्री ६६ वरून ८२ वर गेली होती. ताप नव्हता. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. ज्यांच्याकडे विचारायला कुणी नाही त्यांच्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखाही काळजीवाहकांना मदत करतात.

माप पुन्हा घेणं आणि बँड काढणं

आजार पुढे सरकतो, तसं रोजचं मापही. मी दर तीन महिन्यांनी चौदा दिवसांचं माप नव्याने काढते. उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या पाहुण्यांच्या आठवड्यात काढत नाही.

गेल्या महिन्यात आईने बँडच कुरतडायला सुरुवात केली. बटणांसारखा. आलेखात तासन्‌तास तगमग, आणि कारण खुद्द बँड. आठवडाभर पाहिलं, पट्टा बदलला, दुसऱ्या हाताला बांधला. मग दिवसाचा बंद केला. आता फक्त झोपताना विचारून बांधते, रात्रीच्या नाडीपुरता. दिवसा ग्रुपवर "ब" आणि "न" चालू आहेत, आणि परवापासून मावशींनी स्वतःहून तिसरं अक्षर काढलंय: "ह". म्हणजे हसली.